मुकादमाची वाकडी ओळ

आमच्या गावाबाहेर झाडांची एक ओळ आहे आणि ती वाकडी आहे. गावातल्या पोरांना चालता-बोलता यायच्या आत ही गोष्ट सांगून होते. ती ओळ माझ्या बाबांनी लावली, हेही सोबत सांगून होते. त्यामुळे शाळेत पहिल्या दिवशी मला स्वतःची ओळख करून द्यावी लागली नाही. मुकादमाची मुलगी म्हटलं की समोरचा हसायला मोकळा. बाबांना तर गावात सगळे ‘सरळ मुकादम’च म्हणायचे, तेही तोंडावर.

आधी आमचा मुलूख कसा आहे ते सांगते, नाहीतर एका ओळीचं एवढं काय ते कळायचं नाही. आमच्याकडे गवत आहे. गवत, त्याच्यावर वारा आणि त्याच्यावर आकाश, संपलं. डोंगर नाही, टेकडी नाही, साधा उंचवटा म्हणावा असाही नाही. दिवसभर चालावं आणि संध्याकाळी आपण होतो तिथंच उभे आहोत असं वाटावं. बाहेरगावचे पाहुणे पहिल्यांदा येतात तेव्हा घाबरून जातात, कारण नजर टेकवायला त्यांना काही सापडत नाही. अशा ठिकाणी झाड म्हणजे काय चीज असते ते झाडांच्या गर्दीत राहणाऱ्यांना सांगून पटणार नाही. त्यांच्याकडं एकटं झाड बघायला सवड कुणाला आहे? आमच्याकडं ते लांबून दिसायला लागतं, वाटभर दिसत राहतं, आणि बुंध्याशी पोचल्यावर बडबड्या माणसाचीही मान वर जाते आणि तोंड बंद होतं.

मी पहिल्यांदा त्या ओळीखाली उभी राहिले ती आईचं बोट धरून. गवतातला वारा मला माहीत होता. तो एकसुरी असतो, थोड्या वेळानं ऐकू येईनासा होतो. झाडांतला वारा मी कधी ऐकलाच नव्हता. मी आईला विचारलं, पाणी कुठं पडतंय? आईनं वर बोट दाखवलं. त्या झाडांच्या पानांची पाठ पांढरी असते, म्हणून आम्ही त्यांना पांढरीच म्हणतो. ती लावणाऱ्या वनखात्यानं दिलेलं लांबलचक नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. वाऱ्यासरशी अख्खं झाड हिरव्याचं पांढरं होत होतं आणि परत हिरवं. मी इतकी मान मागं टाकली की पाठीवर पडले. पडल्या पडल्याच बघत राहिले. आईही माझ्या शेजारी आडवी झाली. घरी जायला उशीर झाला आणि बाबांनी कुठं होतात म्हणून विचारलं, तेव्हा आईनं सांगितलं, तुमच्या ओळीखाली. बाबा उठून आत गेले.

आता ती वाकडी कशी झाली ते. फार वर्षांपूर्वी वारा सगळी माती उडवून नेतो म्हणून खात्यानं ठरवलं, की गवतात झाडांच्या आडव्या ओळी घालायच्या. बाबा तेव्हा ऐन उमेदीत होते आणि एका टोळीचे मुकादम झाले होते. ओळ सरळ लावायची रीत सोपी असते. लांब टोकाला एक खूण उभी करायची, तिच्यावरची नजर न काढता चालत जायचं आणि जाता जाता काठ्या रोवायच्या. मागून येणारे काठीपाशी खड्डा घेतात आणि रोप लावतात. खुणेसाठी खात्यानं एक उंच झेंडा दिला होता. तो वाऱ्यानं पहिल्याच सकाळी नेला, तो आजतागायत सापडलेला नाही.

कामावर पाण्याची एक घोडागाडी होती. तिच्यावरचं पिंप चुन्यानं रंगवलेलं, लख्ख पांढरं, त्या सगळ्या हिरव्यात कुठूनही दिसणारं. बाबांनी गाडीवाल्या मुलीला सांगितलं, गाडी घेऊन टोकाला जा आणि तिथंच उभी राहा. ती गेली आणि उभी राहिली. पण तिला थांबायला सांगितलं होतं, घोड्याला कुणी काही बोललं नव्हतं. चरता चरता घोडा ओल्या गवताच्या बाजूला सरकत राहिला, मुलगी गाडीत बसून गाणं म्हणत राहिली, आणि बाबा त्या पांढऱ्या ठिपक्यावर डोळा ठेवून काठ्या रोवत राहिले. दुपार कलल्यावर मुलीच्या लक्षात आलं की आपण भलतीकडंच आलोय. मग तिनं गपचूप गाडी परत जागेवर नेली. बाबा तिकडंही तिच्या मागं वळले.

दुसऱ्या कुठल्याही मुलखात ही चूक झाली नसती. मागं एखादं घर असतं, डोंगर असतो, म्हणून पुढची वस्तू हलली की कळतं. आमच्याकडं मागं नुसतं आकाश. ठिपका हलतोय की आपणच डुलतोय, कसं कळावं? संध्याकाळी बाबा गाडीपाशी पोचले, मोठ्या अभिमानानं मागं वळले आणि त्यांनी आपली ओळ पाहिली.

साहेबांनी त्यांना लागवडीवरून काढलं आणि कोठीत बसवलं, कुदळी-फावडी मोजायला. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच बसले. रोपं उपटून परत लावायला खात्याकडं ना माणसं होती ना पाणी, त्यामुळे ओळ तशीच राहिली. त्याच वर्षी बाबांनी गाडीवाल्या मुलीशी लग्न केलं. ओळ गेली वाकडी आणि मुकादम गेला सरळ तिच्या घरी, असं गाव म्हणायचं. या सगळ्यावर सगळ्यात जास्त हसायची ती आईच. “मी जराशी सरकले तर हा माणूस अर्धं रान तुडवत माझ्या मागं आला,” असं ती आल्या-गेल्याला सांगायची आणि डोळे पुसायची. बाबा हसायचे नाहीत. रोपं कमरेएवढी असताना त्यांनी जी पाठ फिरवली ती कायमची. तालुक्याला जाणारी बस त्या ओळीच्या कडेनं जाते, झाडं डाव्या हाताला येतात. जाताना बाबा बसमध्ये कायम उजव्या खिडकीशी बसायचे. तिकडं बघायला काही म्हणजे काही नाही.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. कुणाला त्रास न देता, बसल्या जागी. त्यानंतर बाबांचं बोलणं आटत गेलं. एकट्या माणसाला कोण बघणार, मी तर दुपारपासून रात्रीपर्यंत कामावर, म्हणून दादानं त्यांना शहरात आपल्याकडं न्यायचं ठरवलं. दादा वाईट नाही, वहिनीही जीव लावणारी आहे. पण त्यांचं घर खूप वरच्या मजल्यावर आहे, आणि बाबांचे गुडघे पाहता गेलेला माणूस परत येणार नाही हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं.

जायच्या आदल्या दिवशी मी त्यांची बॅग भरत होते. आईचा फोटो कपड्यांत नीट गुंडाळून ठेवला. बाबा खाटेवर बसून बघत होते. एकदम म्हणाले, “आयुष्यात एकच मोठं काम केलं मी. तेही लोकांना हसायला.”

एवढंच बोलले आणि मोजे जुळवायला लागले. माझं डोकंच फिरलं. माझा स्वभाव आईवर गेलेला नाही, माझ्या नाकावर राग असतो. मला वाटलं, हा माणूस हेच गाठोडं घेऊन त्या वरच्या मजल्यावर जाणार आणि खिडकीत बसून मरेपर्यंत हेच उगाळणार. कारण मला एक गोष्ट ठाऊक होती जी त्यांना ठाऊक नव्हती.

मी गावाबाहेरच्या धान्याच्या टाक्यांवर काम करते. पत्र्याच्या गोल, प्रचंड उंच टाक्या आहेत त्या. आमच्या मुलखात त्यांच्याहून उंच काही नाही. टाकीच्या माथ्यावर जाऊन झाकणं तपासायची, आत धान्यानं ऊब धरली नाही ना ते बघायचं, हे माझं काम. म्हणजे मी रोज ती ओळ वरून बघते. गावात वरून बघणारे आम्ही मोजके. बाकी सगळ्यांनी ती जमिनीवरून पाहिलेली आणि जमिनीवरून ती नुसती चुकलेली दिसते. आईला एकदा वर न्यायचं होतं. ती म्हणायची, नेशील गं, मी कुठं पळून चाललेय? ते राहूनच गेलं.

मी बाबांना म्हटलं, जायच्या आधी मी कुठं काम करते ते तरी बघून जा. यात खोटं काही नव्हतं. त्यांनी खरंच कधी पाहिलं नव्हतं. ते लगेच उठले, केस विंचरले, मुलीच्या कामावर जायचं म्हणून स्वच्छ शर्ट घातला. मला भरून आलं आणि थोडं लबाड असल्यासारखंही वाटलं.

टाक्यांवर आमच्या पाळीचा एक देखरेख्या आहे. हेल्मेट न घातलेला माणूस दिसला की लांबूनच शिट्टी मारतो, म्हणून त्याला सगळे शिट्टी म्हणतात. बाहेरच्या माणसाला वर न्यायला सक्त मनाई आहे आणि ती पाटी त्यानं स्वतः रंगवलेली आहे. मी भांडायच्या तयारीनं गेले होते, चार मुद्दे रस्त्यात जुळवलेही होते. पण मी तोंड उघडायच्या आत बाबांनी पाटी वाचली आणि शिट्टीला म्हणाले, की बरोबर आहे तुमचं, नियम आहे तर आहे, आम्ही चालतो. शिट्टीला आजवर कुणी बरोबर आहे म्हटलेलं नव्हतं. तो गडबडला. पाटीकडं बघितलं, बाबांकडं बघितलं, त्यांचा तो विंचरलेला भांग बघितला. मग आत जाऊन दोन हेल्मेट घेऊन आला, एक बाबांच्या डोक्यावर ठेवून पट्टा स्वतः लावला आणि म्हणाला की मी सोबत असलो तर चालतं. चालत वगैरे काही नाही. मी तोंड मिटून घेतलं.

वर जायला जाळीचा पाळणा आहे, कडकड करत हळू चढतो. गाव खाली गेलं, छपरं खाली गेली. बाबांनी एका हातानं जाळी धरली होती, दुसऱ्यानं माझं मनगट. अर्ध्यावर आल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मनगट सोडलं.

माथ्यावर उतरल्यावर त्यांनी पश्चिमेकडं, म्हणजे ओळीकडं, पाठ केली. कठड्याला धरून गाव बघितलं, आमचं घर शोधलं, शाळा शोधली, शिट्टीला दोन प्रश्न विचारले, धान्य किती दिवस राहतं वगैरे. मग म्हणाले, छान आहे, चला. वारा असा होता की बोललेलं उडून जात होतं. मी ओरडून बोलले. मला सौम्य बोलायचं होतं, पण ते माझ्याच्यानं होत नाही.

“उद्या जाताय ना? मग एकदा मागं वळा. आईनं बघायचं ते राहिलं. आता तुम्हीही न बघता गेलात तर मी तुम्हाला कधी भेटायला येणार नाही.”

हेल्मेटखाली बाबांचा चेहरा मला दिसत नव्हता. मग कठडा न सोडता, एकेक हात सरकवत, ते वळले.

उन्हं उतरली होती. त्या वेळेला आमचं गवत सोन्याचं होतं, हे कुणीही सांगेल. पण त्या सोन्यात नजर जाते ती जातच राहते, कुठं थांबत नाही, आणि थोड्या वेळानं माणसाला आपण फार लहान असल्यासारखं वाटायला लागतं. त्या सगळ्या रिकामपणाच्या मधोमध ती ओळ होती. खालून दिसते तशी तुटक, चुकलेली नव्हे. वरून ती एकच लांब वळण आहे. रस्त्याच्या कडेला सुरू होते, बाजूला कलायला लागते, इतकी हळू की कुठं कलली ते दाखवता येत नाही, मग पार खोलगट भागापर्यंत आत जाते आणि तिथून तशीच, काही घाई न करता, माघारी येते. प्रत्येक झाड पूर्ण वाढलेलं, गोल, एकटं उभं राहायची सवय असलेलं. प्रत्येकाची सावली गवतावर लांबच्या लांब पडलेली. वारा आला की ओळीच्या एका टोकाला पानं पांढरी व्हायची आणि तो पांढरेपणा झाडामागून झाड करत वळणावरून फिरून दुसऱ्या टोकाला जायचा. मग सगळं हिरवं. मग पुन्हा. मी रोज बघते आणि रोज माझ्या अंगावर काटा येतो. त्या दिवशीही आला.

बाबा बघत राहिले. शिट्टीनं मध्येच आपलं हेल्मेट काढलं आणि काखेत धरलं. हे त्याचं त्याला कळलं नसावं.

बऱ्याच वेळानं बाबांनी विचारलं की बाकीच्या ओळी कुठं आहेत, सरळवाल्या. मी सांगितलं, रस्ता रुंद केला तेव्हा त्या सगळ्या गेल्या. रस्त्याला अगदी समांतर होत्या ना, एका रांगेत तोडायला सोप्या. तुमची तेवढी वाचली, कारण ती वाट सोडून रानात शिरली होती. त्यांना हे ठाऊक असणारच, गावात कुणाला ठाऊक नाही? पण त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखी मान हलवली. त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतं. ते हातानं हवेत काहीतरी दाखवत होते, आधी स्वतःला, मग मला.

“तिथं घोडा सुटला चरायला. हे बघ, इथून कलायला लागली. तो आत गेलेला भाग दिसतो? तिथं ओल असते. तिथं ती बराच वेळ होती, झाडं बघ कशी जाड झालीत. आणि तिथं,” त्यांचं बोट थांबलं, “तिथं तिच्या ध्यानात आलं. तिथं तिनं लगाम ओढला.”

मी आजवर ते वळण असंख्य वेळा पाहिलं होतं आणि मला त्यात फक्त वळण दिसलं होतं. आता मला गाडी दिसायला लागली. पांढरं पिंप, त्याच्या पुढ्यात गाणं म्हणणारी माझी आई, माझ्याहून कितीतरी लहान, तिला अजून नवरा नाही, आम्ही नाही, काही काळजी नाही. तिची एक अख्खी दुपार खाली गवतात उभी होती आणि वाऱ्यावर हलत होती.

“एकेका झाडापाशी मी उभा राहिलोय,” बाबा म्हणाले. “एकेका झाडापाशी उभा राहून तिच्याकडं बघितलंय. सरळ लावली असती तर आज काय दिसलं असतं?”

मी त्यांच्या दंडाला धरलं. ते रडत होते, पण मान खाली घातलेली नव्हती. उन्हं पार जाईपर्यंत आम्ही तिघं तिथंच उभे होतो आणि त्या दिवशी झाकणं तपासायची राहिली. शिट्टीनं त्याबद्दल आजतागायत मला एक शब्द विचारलेला नाही.

खाली उतरताना बाबांनी विचारलं, तू हे रोज बघतेस? मी हो म्हटलं. मग सांगितलं का नाहीस, म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही ऐकून घेतलं असतंत? त्यावर ते म्हणाले, नसतं घेतलं. आणि हसले. त्या ओळीवरून बाबा हसलेले मी पहिल्यांदा पाहिले.

सकाळी मी त्यांना बसवर सोडलं. कंडक्टर जुना ओळखीचा, त्यानं सवयीनं उजव्या बाजूची खिडकी धरून ठेवली होती. बाबा म्हणाले, डावीकडची दे. कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं, मी दुसरीकडं बघितलं. बस सुटल्यावर मी धावत टाकीवर गेले आणि पाळण्यातून वर चढले. बस रस्त्यानं चालली होती, चिमूटभर धूळ मागं सोडत. वळण रस्त्याच्या जवळ येतं तिथं कुणाचं गाव नाही, थांबा नाही, काही नाही. तिथं बस थांबली. एक ठिपका उतरला आणि गवतातून झाडांकडं निघाला. गुडघ्यांमुळं त्याला फार वेळ लागत होता. आमचा ड्रायव्हर हॉर्नवरचा हात न काढणारा माणूस, पण हॉर्न वाजला नाही. थोड्या वेळानं बसमधून आणखी दोन-चार ठिपके उतरले आणि रस्त्याच्या कडेलाच उभे राहिले. पहिला ठिपका झाडांखाली शिरला आणि मला दिसेनासा झाला.

संध्याकाळी दादाकडं पोचल्यावर बाबांचा फोन आला. प्रवास नीट झाला, वहिनीनं चहा केलाय, नात गळ्यात पडलीय, बॅगेतून फोटो काढून खिडकीशी ठेवलाय, असं सगळं सांगून झालं. फोन ठेवतील असं वाटत असताना ते थांबले. मग जरा हळू आवाजात, मला ठाऊकच नसेल अशा सुरात, म्हणाले, “अगं, तिथं खाली उभं राहिलं ना, की पाणी पडल्यासारखा आवाज येतो.”

मी म्हटलं, हो बाबा, येतो.